लेसर थांबला, तरी उष्णता थांबत नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: 'लेसरने ऑपरेशन सांगितलंय, बाजूची नस (म्हणजे नर्व्ह, मज्जातंतू) जळणार नाही ना?'

लेसर म्हणजे काय, ते पटकन. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश, पेशी तो शोषतात आणि तापतात. झालं. कार्बन डायऑक्साइड लेसर, 10,600 नॅनोमीटर, पेशींतल्या पाण्यातच अडतो, मिलिमीटरभरही आत जात नाही. दुसरा एनडी-याग लेसर, 1064 नॅनोमीटर, काही मिलिमीटर आत शिरतो. आणि हो, हा कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात! हे सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

आता नीट ऐका. उथळ लेसर असला तरी उष्णता आजूबाजूला पसरते. गॅस बंद केला म्हणून तवा लगेच गार होत नाही, तसंच. म्हणून दोन शॉटच्या, म्हणजे लेसरच्या दोन माऱ्यांच्या, मध्ये थांबायचं असतं.

माझ्या मुलुंडच्या आत्याचं कानाचं ऑपरेशन झालं, स्टेपीज या इवल्याशा हाडाचं. चेहऱ्याची नस तिथून अगदी जवळून जाते. फक्त कान बधिर केला होता, आत्या जागी. नंतर म्हणते, "अरे, डॉक्टर सारखे थांबत होते, मला वाटलं मशीन बिघडलं!" आत्या, ते थांबणं तुझ्या नसेसाठीच होतं गं.

कमेंटमध्ये विचारतात, 'दादा, किती वॅटचं मशीन चांगलं?' नुसत्या वॅटवर काही ठरत नाही! 10 वॅट सलग एक सेकंद मारले तर 10 ज्यूल ऊर्जा. तेच 10 वॅट सेकंदाच्या विसाव्या भागापुरते मारले तर अर्धा ज्यूल. शॉट किती छोटा आणि मध्ये किती थांबलात, ते विचारा.

अजून एक. एकाच जागी मारत राहिलं की पेशी काळ्या पडतात, कोळसा होतो. तो कोळसा आणखी तापतो आणि उष्णता नसेकडे सरकते. म्हणून पुन्हा तेच: थांबा, काळं पुसा, मग पुढचा शॉट.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती बघून मला खरंच राग येतो. 'लेसर, शंभर टक्के सुरक्षित'! अहो, मशीन एकटं सुरक्षित नसतं, चालवणारा हात शिकलेला लागतो.

बऱ्याच जणांनी नर्व्ह मॉनिटरबद्दल विचारलंय. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया लावतात, नस डिवचली गेली की मशीन आवाज करतं. उपयोगाचं आहे. पण उष्णतेचा इशारा ते दर वेळी वेळेत देईलच असं नाही, त्यामुळे मॉनिटर लावला तरी थांबावं लागतंच.