टपाल राहतं कुठं?

मंडळी, आपल्या उद्यमनगरात लेथ घेताना आपण बेडची लांबी बघतो, चक केवढा ते बघतो, सुटे भाग इथंच मिळतील का ते विचारतो. रंग कुणी विचारत नाही. मेलचं सॉफ्टवेअर निवडताना मात्र आपण पडदा कसा दिसतो तेवढंच बघून मोकळे होतो. माझं म्हणणं, पहिला प्रश्न एकच विचारा: माझं टपाल राहतं कुठं?

हा प्रश्न मला २०१९ च्या पुरानं शिकवला. कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर माझं ऑफिस. मेल पॉप पद्धतीनं लावलेला, म्हणजे पत्रं सर्व्हरवरून, मेल कंपनीच्या संगणकावरून, आपल्या संगणकावर उतरायची आणि सर्व्हरवरची पुसली जायची. पंचगंगेचं पाणी टेबलाच्या वर गेलं. कास्टिंगची ड्रॉइंगं, पर्चेस ऑर्डरी, दरांचा पत्रव्यवहार, सगळं त्या एका हार्ड डिस्कबरोबर गेलं. पुढं वर्षभर जुन्या गिऱ्हाइकांकडं आमचीच ड्रॉइंगं मागत होतो.

मग आयमॅप लावलं. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली बेतली. त्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं. फोनवर, ऑफिसात, घरी, सगळीकडं तेच दिसतं. संगणक बुडाला तरी पत्र शाबूत. पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा भरली म्हणून आमच्या पोरानं फोनवरून दोन वर्षांचे मेल पुसले, आणि ऑफिसातलेही गेले.

आता सॉफ्टवेअर. विंडोजमधल्या जुन्या मेल ॲपचा आधार २०२४ अखेर संपला. त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. त्यात जीमेलचं खातं जोडलं, की तुमच्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. चालत असेल तर वापरा, पण माहीत असू द्या. जुनं आउटलुक दणकट आहे, कॅलेंडर उत्तम, पण पैसे पडतात आणि पत्रं पीएसटी किंवा ओएसटी नावाच्या त्याच्याच साच्यात बसतात. मी थंडरबर्ड वापरतो. २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मुख्य म्हणजे नेहमीच्या मांडणीत ते पत्रं एमबॉक्स फाइलीत ठेवतं. ती साधी मजकुराची फाइल. उद्या थंडरबर्ड सोडलं तरी दुसरी सॉफ्टवेअरं ती वाचू शकतात.

माझी पद्धत सांगतो. खातं आयमॅपचं. दर मार्चनंतर सरलेल्या वर्षाची पत्रं ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे थंडरबर्डच्या आपल्याच संगणकावरच्या कप्प्यात, कॉपी करायची, हलवायची नाहीत, कॉपीच. मग सर्व्हरवर कुणी काही पुसलं तरी ती प्रत राहते. आणि दर शनिवारी थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर, ज्यात पत्रं नि सेटिंग्ज असतात ते, बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवायचं. चालू असताना कॉपी केलं तर फाइल अर्धवट येऊ शकते. ती ड्राइव्ह ऑफिसात ठेवत नाही. घरी दुसऱ्या मजल्यावर, आईच्या कपाटात असते.