फळाचाच बर्फ

नमस्कार श्रोतेहो.

दादरला पश्चिमेकडे स्टेशनबाहेरच्या फळवाल्याकडून डझनभर केळी आणि चार आंबे घ्यायचे, संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात शिरायचं आणि मुलुंडला उतरायचं. मे महिन्यात ज्यांनी हे केलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. पिशवी वर रॅकवर ठेवली तर तिच्यावर कुणाची तरी लॅपटॉपची बॅग येऊन बसते. हातात धरली तर कुर्ल्याला चढणारी गर्दी तिचं भरीत करते. घरी पोहोचेपर्यंत बारांतली पाच केळी मऊ झालेली असतात आणि एक आंबा थेट बाठ्यापर्यंत दबलेला असतो.

पूर्वी अशी फळं मी ओट्याशी उभी राहून मुकाट्याने खाऊन टाकायची. चांगलं फळ घरातल्यांना आणि दबलेलं आपल्याला, हा बायकांचा जुना हिशेब. आता मात्र ती सगळी फ्रीजरमध्ये जातात. आज तुमच्याशी घरच्या घरी करायच्या फळांच्या स्मूदीबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात या दबलेल्या केळ्यांपासूनच करावी लागेल.

आमच्या घरात स्मूदी पहिल्यांदा झाली तेव्हा सासूबाईंनी पेल्यात डोकावून एका शब्दात निकाल दिला, “शिकरण!” मी रागावले होते, पण बाईंचं फारसं चुकलं नव्हतं. शिकरणीत दूध जास्त असतं आणि केळ्याच्या चकत्या त्यात पोहत असतात. मिल्कशेकमध्ये दूध, साखर आणि हौस असेल तर आइस्क्रीम. ज्यूसमध्ये फळाचा चोथा गाळून आपण टाकून देतो. स्मूदीत फळ चोथ्यासकट पोटात जातं आणि तिचा दाटपणा फळाचाच असतो. तो साखरेने किंवा आइस्क्रीमने आणायचा नसतो. हे एवढं मनाशी पक्कं केलं की कृती पाठ करायची गरजच उरत नाही.

आता गारव्याचं काय? आपला हात सवयीने बर्फाकडे जातो. बर्फ म्हणजे पाणी. मिक्सरमध्ये तो फुटतो, दोन मिनिटांत वितळतो, आणि पेल्याच्या तळाशी फळाच्या चवीचं पाणी उरतं. मग ते गोड करायला साखर. बाहेरच्या बर्फाची तर वेगळीच कथा आहे. मासे आणि इतर माल गार ठेवण्यासाठी जो बर्फ बनतो, तो ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ साली आला. पण उन्हातून येऊन गाडीवर पेला हातात घेतल्यावर त्यातल्या बर्फाचा रंग निरखत कोण बसतं? म्हणून माझं सरळ म्हणणं असं, की फळात बर्फ घालू नका, फळाचाच बर्फ करा.

केळं सोलूनच गोठवायचं, सालासकट नाही. साल काळंठिक्कर पडतं आणि गोठल्यावर ते काढताना नखं दुखून येतात, हा स्वानुभव. बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करायच्या. त्या डब्यात एकावर एक भरायच्या नाहीत, तर ताटात सुट्या पसरायच्या आणि दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवायच्या. चांगल्या कडक झाल्या की मग डब्यात भरायच्या. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजमध्ये मोठं ताट मावत नाही, तिथे मी स्टीलच्या डब्यांची झाकणं वापरते. बारा महिने मिळणारी जळगावकडची साधी केळी यासाठी उत्तम. वेलची केळी मिक्सरमध्ये घालणं मला उधळपट्टी वाटते. साल जितकं ठिपकेदार तितकं केळं कामाचं. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे नुसतं खायला जे केळं अति पिकलेलं वाटतं, तेच गोठवल्यावर बेताचं गोड लागतं. फळ पुरेसं पिकलेलं असेल तर साखरेचा डबा उघडावा लागत नाही.

दोन मोठ्या पेल्यांचं प्रमाण सांगते. लिहून घ्यायचं तर घ्या. दोन केळ्यांच्या गोठवलेल्या चकत्या, एक वाटी आंब्याचा गर, पाऊण वाटी गोडसर ताजं दही, अर्धी वाटी गार दूध किंवा पाणी आणि चिमूटभर मीठ. वेलची हवी तर घाला. मिठाला नाक मुरडू नका. आपल्या मुंबईचा पारा नागपूरइतका चढत नसला तरी घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. शिवाय एवढ्याशा मिठाने आंब्याची गोडी उठून दिसते.

आता मिक्सर. इथे मला माझी फजिती सांगावीच लागेल. पहिल्या वेळी मी चकत्या सुट्या करण्याच्या भानगडीत पडलेच नव्हते. सहा केळी एकाच डब्यात कोंबली होती आणि त्यांचा वीटभर ठोकळा झाला होता. तो तसाच भांड्यात टाकला, वर दोन चमचे दूध ओतलं आणि बटण थेट तीनवर नेलं. मिक्सरने एकदा हुंकार दिला आणि गप्प झाला. मोटर जळाली म्हणून मी हळहळले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मिक्सर उलटा केला, बुडाखालचं एक छोटं लाल बटण दाबलं, आणि दीडशे रुपये घेऊन गेला. भार जास्त झाला की मोटर वाचवण्यासाठी हे बटण आपोआप बाहेर येतं. मिक्सर बंद करून, प्लग काढून, मोटर निवू द्यायची आणि बटण परत आत दाबायचं, एवढंच काम. हे दीडशे रुपयांचं ज्ञान तुम्हाला फुकट देते आहे.

चूक मिक्सरची नव्हतीच. परदेशी मिक्सर मुळात असल्या पातळ, मऊ कामासाठी बनलेले असत. आपलं ओलं खोबरं, भिजवलेली डाळ आणि हळकुंडं त्यांना झेपेनात. बायकोचा परदेशी मिक्सर बंद पडला म्हणून सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर बनवला आणि आपल्या स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा हळूहळू कोपऱ्यात गेला. हळकुंड दळणारं यंत्र केळ्याला काय घाबरणार? फक्त त्याला पातं फिरवायला जागा द्यायला हवी. म्हणून आधी दही-दूध, त्यावर मऊ गर आणि सगळ्यात शेवटी गोठवलेल्या चकत्या. बटण आधी उलट्या बाजूला, थांबत थांबत चार-पाच वेळा फिरवायचं. चकत्या फुटल्याचा खडखड आवाज कमी झाला की मग एकवर, मग दोनवर. झाकणावर हात ठेवायला विसरू नका. आमच्या छतावर अजून एक पिवळा डाग आहे.

आंब्याबद्दल बोलायला लागले तर वेळ संपेल, पण थोडं बोलतेच. हापूस मिक्सरमध्ये घालू नये अशा मताची मी आहे. त्याची फोड ताटात हवी. स्मूदीला पायरी घ्यावी. ती रसाळ असते, तिला आंबटाची किंचित धार असते आणि दह्यात ती हरवत नाही. मेअखेरीला वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पेट्यांचे भाव उतरतात, तेव्हा आमच्याकडे एक शेवटची पेटी येते. पहिला पाऊस पडला की आंबा खायचा नाही हा घरातला दंडक, त्यामुळे आठवडाभर नुसती घाई. उरलेल्याचा रस काढून मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतते. दुसऱ्या दिवशी पिवळ्या वड्या डब्यात. केळं नको असेल तर याच वड्या आणि दही एवढ्यावरही काम होतं. तीन-चार आठवड्यांत संपवा, पुढे फ्रीजरचा वास लागतो. आणि वीज जाऊन वड्या वितळल्या तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी सगळ्यांना बोलावून पिऊन टाका.

कलिंगडाचा स्वभाव अगदी वेगळा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे गोठवून फिरवलं तरी ते लोण्यासारखं होत नाही, गोळ्याच्या बर्फासारखं भुसभुशीत होतं. त्याला दूध-दही दाखवूच नका. बिया काढून गोठवलेल्या फोडी, लिंबू, पुदिन्याची चार पानं आणि एक चमचा कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, म्हणून आधी चाखा. हा लालभडक पेला दुपारी चार वाजता, पंखा पाचवर असतानाही अंगाला हवा लागत नाही तेव्हा, मला आंब्याच्या पेल्यापेक्षा जवळचा वाटतो. कोकम आणि दूध मात्र एकत्र आणू नका, दूध फाटतं.

अननस आणि पपईची भानगड थोडी आतली आहे. ताज्या अननसात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पपईतही तसंच एक असतं. म्हणून अननस आणि दह्याची स्मूदी करताक्षणी झकास लागते आणि तासाभराने कडवट. मुलांच्या शाळेच्या बाटलीत ती भरून द्यायची नाही ती याचसाठी. अननस आधी पाच मिनिटं शिजवून गार केला की उष्णतेने ते विकर निकामी होतं. नाहीतर दह्याऐवजी नारळपाणी घालावं आणि प्रश्नच मिटवावा.

चिकू सोपा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मुंबईच्या ज्यूस सेंटरवर चिकू मिल्कशेक मागणाऱ्यांना तो कधीपासूनच ठाऊक होता. फक्त पुरता पिकलेला घ्या. एक अर्धकच्चा चिकू सगळ्या भांड्याला तुरट करतो.

आणि ताडगोळे! शेजारच्या मुलीने परवा विचारलं, “काकू, ताडगोळ्याची स्मूदी कराल का?” मी म्हटलं, “बाळा, मुळीच नाही.” ज्या फळाची सगळी मजा दाताखाली फुटणाऱ्या पाण्यात आहे, त्याला मिक्सरमध्ये घालून काय मिळवायचं? सोलून तसाच खा.

मधुमेह असलेल्यांना एकच सांगते. साखर घातली नाही म्हणजे गोड नाही असं समजू नका. दोन केळी आणि आंबा सावकाश चावून खायला वेळ लागतो, प्यायला दोन मिनिटं पुरतात. छोटा पेला घ्या, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

स्मूदी ओतून झाली की मिक्सरच्या भांड्यात लगेच पाणी घालून एकदा फिरवा. केळं पात्याखाली वाळलं की निघता निघत नाही.

आमच्या फ्रीजरमध्ये आत्ता दोन डबे भरलेले आहेत. नावं लिहून ठेवा असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. आंब्याच्या वड्यांवर त्यांनी ‘रस’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. केळ्याच्या डब्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘शिकरणीचं सामान’.

नमस्कार.