चाकातला आकडा

[रविवार, सकाळी सात. वरळीच्या बाजूने किनारी रस्त्यावर येणाऱ्या गाड्या. रस्ता ओला.]

पाऊस नुकताच उघडलाय. आठवडाभर इमारतींच्या तळघरात कव्हराखाली उभ्या असलेल्या स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी या रस्त्यावर येतात. इंजिनाच्या आवाजाने मान वळतेच, पण आपल्याला बघायचंय खाली, रस्त्याला टेकलेल्या चार जागांकडे, आणि तिथल्या हवेचा दाब चालत्या गाडीत सांगणाऱ्या यंत्रणेकडे. एवढी मोठी गाडी, आणि रस्त्याला टेकलेली जागा प्रत्येक चाकाखाली साधारण हाताच्या पंजाएवढी.

[चार चाकं, एकामागोमाग एक, अगदी जवळून.]

ही चारही चाकं एकाच गाडीची. यातल्या एकात हवा आठ पीएसआयने कमी आहे; पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक. कितीही निरखून बघा, कोणतं ते कळत नाही.

मागचा टायर आहे ३०५/३० आर २०. म्हणजे रुंदी ३०५ मिलिमीटर आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ३० टक्के, जेमतेम ९१ मिलिमीटर. साध्या हॅचबॅकच्या १६५/८० आर १४ टायरला हीच उंची १३२ मिलिमीटर मिळते. तिथे हवा कमी झाली की टायर खाली फुगीर दिसतो, चहाच्या टपरीवरचा माणूसही हाक मारून सांगतो. ट्रकवाले टायरवर पाना आपटून आवाजावरून ओळखतात. इथे साइडवॉल इतकी आखूड आणि कडक आहे की डोळा, लाथ, पाना, काहीच उपयोगी पडत नाही.

[दाब मोजायचं गेज वॉल्व्हवर दाबलं जातं. काटा २४ वर.]

उजवं मागचं होतं.

दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, स्पोर्ट्स कारला हवी का, असा प्रश्न काही मालक खरोखर विचारतात. दर रविवारी गेज लावतो, मग चाकात आणखी वजन कशाला? गेज लावायलाच हवं, त्याला पर्याय नाही. पण गेज उभ्या गाडीचं सांगतं, आणि खिळा लागतो चालत्या गाडीला.

[पुढचा बूट उघडतो. आत एक बाटली आणि छोटा कंप्रेसर.]

शिवाय इथे बघा. स्टेपनी नाही. पंक्चर बुजवायच्या द्रावणाची बाटली आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा कंप्रेसर, एवढंच. केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला: ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे नियमानेच स्टेपनीची जागा या यंत्रणेला दिली आहे. सेन्सर काढून टाकलेल्या गाडीत मग ना हे उरतं ना ते.

ही कल्पना आली तीच मुळी वेगवान गाडीतून. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये चाकातला दाब तपासणारी यंत्रणा होती, आणि ती गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जायची. सर्वसामान्य गाड्यांपर्यंत ती कायद्याने पोहोचली: अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून, युरोपात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून.

[डॅशबोर्ड. पिवळा दिवा: कंसासारखा टायर, मध्ये उद्गारचिन्ह.]

यात दोन जाती आहेत. पहिलीत चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते थोडं जास्त फिरतं, आणि एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या प्रणालीचे, सेन्सर हा फरक पकडतात. अडचण अशी की तुलना चाकाची चाकाशी असते. तळघरात उभ्या गाडीच्या चारही चाकांतून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक जाते, आणि सगळी एकदम उतरली तर साध्या प्रणालीला ते सहज कळत नाही. त्यात हवा कमी असतानाच कुणी रीसेटचं बटण दाबलं, तर ती कमी हवाच गाडीच्या लेखी योग्य ठरते.

दुसऱ्या जातीत प्रत्येक चाकात खरा दाबमापक असतो आणि पडद्यावर चार आकडे येतात. स्पोर्ट्स कारसाठी हीच घ्यावी. नुसता दिवा पुरत नाही, आणि का ते हिशेबानेच कळतं. अमेरिकी नियमाप्रमाणे दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की दिवा लागलाच पाहिजे. ३३ पीएसआयच्या टायरला याचा अर्थ २५ च्या आसपास. त्याच्या बऱ्याच आधी, तीन-चार पीएसआयलाच, ही गाडी बदललेली असते: वळणात नाक उशिरा आत येतं किंवा शेपूट हलकी वाटू लागते.

[अटल सेतू. पडद्यावरचा आकडा: ३३, ३२, ३०.]

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, वेगमर्यादा १००. चढताना ३३ असलेला आकडा पाच मिनिटांत ३० वर आला, तर खिळा आहे हे तेव्हाच कळतं. वेग कमी करून पलीकडे उतरता येतं. दिवा अजून विझलेलाच असतो. तसंच चालत राहिलं, तर साइडवॉल प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि टायर फुटतो.

[पाण्याची चादर उडवत जाणारी गाडी, स्लो मोशन.]

आणि हे पाणी. चाक पाण्यावर तरंगायला कोणत्या वेगाला लागतं, याचं नासाच्या संशोधनातून आलेलं एक सूत्र आहे: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. ३२ पीएसआयला येतात ताशी ९४ किलोमीटर, २४ ला ८२. सूत्र विमानाच्या चाकांवरून काढलेलं आहे. रुंद, झिजलेला टायर याहून आधीच तरंगू शकतो. किनारी रस्त्यावर मर्यादा ८० आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

[पेट्रोल पंप. हवेची नळी.]

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सकाळी थंड टायरमध्ये ३२ भरले, तापमान २७ अंश. तासभर जोरात चालवल्यावर आतली हवा ६० अंशांना गेली की तोच आकडा ३७ होतो. मालक घाबरतो, पंपावर हवा सोडून ३२ करतो, आणि गाडी थंड झाल्यावर टायरमध्ये उरतात २७. गरम टायरची हवा सोडायची नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. आणि पुढचा-मागचा दाब तिथे बहुधा वेगळा असतो. ‘चारही पस्तीस’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही.

[कुर्ला, सीएसटी रोड. टायरचं दुकान. चाक मशीनवर चढतं.]

सेन्सर मरतात ते बहुतेक वेळा इथे, टायर बदलताना. म्हणून क्रम नीट बघा.

चाक काढण्याआधी रीडर, म्हणजे सेन्सरची माहिती वाचणारं हातातलं यंत्र, वॉल्व्हजवळ धरायचा. सेन्सरचा नंबर, दाब, तापमान आणि बहुतेक वेळा बॅटरीची अवस्था पडद्यावर येते. कोणता आधीच मेलाय ते कामाआधी ठरतं, नंतर वाद राहत नाही.

वॉल्व्हच्या आत हवा अडवणारी पिन काढून हवा पूर्ण सोडायची. मग टायरची कड रिमपासून सोडवायची, पण मशीनचा फावडा वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला लावून. सेन्सर वॉल्व्हला लागूनच आत बसलेला असतो. फावडा त्याच बाजूला दाबला की प्लास्टिकचा चुरा होतो.

[सेन्सर तळहातावर. काडेपेटीएवढा.]

हा तो. आतली लिथियम बॅटरी राळेत बुडवून सीलबंद केलेली असते, ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांनी अख्खा सेन्सर बदलायचा. गाडी सात वर्षांची झाली असेल तर टायरसोबत चारही बदलून टाकावेत, पुन्हा पुन्हा चाक उघडण्याचा खर्च वाचतो.

[वॉल्व्हची दांडी, अगदी जवळून. पांढरी भुकटी.]

ही पांढरी भुकटी मुंबईची खास देणगी. दांडी ॲल्युमिनियमची, कुणीतरी आत साधी पितळी पिन आणि वर धातूचं टोपण बसवलेलं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी हवा, एवढ्याने गंज धरतो. टोपण घट्ट बसतं, पक्कडीने फिरवायला जावं तर दांडीच तुटते. निकेलचा मुलामा असलेली पिन आणि प्लास्टिकचं टोपण वापरलं की हा त्रास टळतो. प्रत्येक टायर बदलाला रबरी सील, वॉशर, नट, पिन आणि टोपण नवं घालायचं. नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्याने, आवळायचा, सेन्सरवर दिलेल्या आकड्याला. बऱ्याच सेन्सरना तो चार ते आठ न्यूटन मीटरच असतो, म्हणजे बोटांनी आवळण्याच्या जरा पुढे.

बाटलीतलं द्रावण वापरलेलं असेल तर सेन्सरचं बारीक छिद्र चिकटून बंद होतं. आधी ते पुसून स्वच्छ करावं, आकडा तरीही हलला नाही तर सेन्सर बदलावा. आणि परदेशातून मागवताना फ्रिक्वेन्सी बघावी. इथल्या गाड्या ४३३ मेगाहर्ट्झवर ऐकतात, अमेरिकेतले बरेच सेन्सर ३१५ वर बोलतात. किंमत तीच मोजायची आणि गाडीला काहीच ऐकू येत नाही.

टोपणासारखे बाहेरून लावायचे स्वस्त सेन्सरही मिळतात. या गाडीला ते नकोत. दहा ग्रॅमचं टोपण ताशी १०० किलोमीटरला वॉल्व्हला सुमारे दीड किलोच्या जोराने बाहेर ओढतं, २०० ला त्याच्या चौपट. रबरी वॉल्व्ह त्याने वाकतो आणि बुडाशी चिरतो.

[चाक बॅलन्सिंगला. मग गाडीवर. गाडी दुकानाबाहेर पडते.]

बॅलन्सिंग झालं, दाब पट्टीप्रमाणे भरला, नवे नंबर गाडीत शिकवले. पडद्यावर अजून चार आडव्या रेघा आहेत. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरू लागल्यावर जागे होतात आणि साधारण मिनिटाला एकदा बोलतात.

[सायनचा सिग्नल ओलांडल्यावर. पडदा.]

पुढचं डावं, ३१. पुढचं उजवं, ३१. मागचं डावं, ३४. मागच्या उजव्याची रेघ थोडा वेळ तशीच राहते, आणि मग तिथेही ३४ येतो.