वॅब की हॅवल्ड?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पस्तीसचा कायदा आणि बटलर’, म्हणजे ब्रिटिशांनी 1935 साली केलेला भारत सरकार कायदा. कायद्याकडे येतोच, आधी माणूस. रिचर्ड ऑस्टिन बटलर. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला ‘रॅब’ म्हणत. जन्म 1902चा, अटकेचा. म्हणजे मराठ्यांचे झेंडे जिथवर गेले म्हणून आपण अजून छाती काढतो, तिथे हा ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा पठ्ठ्या पहिल्यांदा रडला. (हशा) आपल्या नागपूरशी तर घरोबाच. वडील सर माँटेग्यू 1925 ते 1933 इथे मध्य प्रांताचे गव्हर्नर होते.

आता माझा लाडका किस्सा. जानेवारी 1957. सुएझ कालव्यावरच्या चढाईत हात पोळले, प्रकृती ढासळली, पंतप्रधान ईडननं राजीनामा दिला. त्याआधी तो जमैकात विश्रांती घेत होता तेव्हा गाडा रॅबनंच ओढलेला. बहुतेक वर्तमानपत्रांनी त्यालाच पंतप्रधान करून टाकलं होतं. पण हुजूर पक्षात तेव्हा नेत्याची निवडणूक होत नसे. लॉर्ड सॉल्सबरी आणि लॉर्ड किलम्यूर हे दोन ज्येष्ठ मंत्री खोलीत बसले आणि एकेका मंत्र्याला आत घेतलं. सॉल्सबरींना ‘र’ म्हणता येत नसे. त्यामुळे प्रश्न असा: “वॅब की हॅवल्ड?” हॅरल्ड म्हणजे मॅकमिलन. जवळजवळ सगळ्यांनी हॅवल्डच सांगितलं!

मला हे फार लागतं, कारण एका शाळेत माझंही असंच झालं. मुख्याध्यापक मीच होणार म्हणून घरात पेढे आणलेले. कार्यकारिणीत कोणी कोणाला काय विचारलं, देव जाणे. पेढे आम्ही दोघांनी आठवडाभर खाल्ले. ही समोर बसून हसतेय बघा. हसते आता, तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, आधी पेढे आणले म्हणून.

रॅबवर मात्र ही पाळी दोनदा आली. 1963 साली मॅकमिलन रुग्णालयातून राजीनामा देतो आणि खुर्ची जाते लॉर्ड ह्यूमकडे, ज्याला त्यासाठी उमरावपद सोडावं लागलं. ‘तुम्ही नाही म्हणा, ह्यूमचं सरकार उभंच राहणार नाही,’ असं सहकारी सांगत होते. रॅब हो म्हणाला, परराष्ट्रमंत्री झाला. याला निष्ठा म्हणायचं की कच खाणं? मी वयाच्या साठीपर्यंत निष्ठा म्हणत होतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताय? पाच? बरं.

तर पस्तीसचा कायदा. रॅब 1932 ते 1937 भारत खात्यात कनिष्ठ मंत्री. भारतमंत्री सॅम्युएल होअरच्या हाताखाली त्यानं ते अवाढव्य विधेयक कॉमन्समध्ये लढवलं, तेही स्वपक्षाच्या चर्चिलशी झुंजत. त्यातून 1937च्या प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबईत खेर, नागपुरात डॉ. खरे. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. रॅबला जे कधी लाभलं नाही, ते त्यानं पुढे रेटलेल्या कायद्यानं आपल्या खऱ्यांना दिलं! आपल्या राज्यघटनेतला केंद्र-प्रांत सांगाडाही बराचसा तिथलाच.

हिटलरला झुकतं माप देणारा 1938चा म्युनिक करार त्यानं उचलून धरला, ते झाकत नाही.

मग शिक्षणमंत्री म्हणून त्यानं केलेला 1944चा शिक्षण कायदा. चर्चिलनं ‘नको’ कळवलं होतं, यानं कानाडोळा केला. सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली. चर्चच्या शाळांपुढे दोन वाटा ठेवल्या: इमारतीचा निम्मा खर्च उचला आणि कारभार आपल्या हाती ठेवा, नाहीतर सगळा खर्च सरकारचा आणि शिक्षक नेमणंही मुख्यतः सरकारकडे. अनुदानित शाळेतल्या मंडळींना यावर वेगळं सांगायला नको. त्यावर अर्धा तास बोलणार होतो... घंटा वाजवू नका, बसतो.