नुसती सही नको

नमस्कार श्रोतेहो. शाळेत असताना एका साहित्य संमेलनात स्वाक्षरीची वही घेऊन मीही तासभर रांगेत उभी होते. लेखकमहाशयांनी मान वर न करताच सही ठोकली आणि वही पुढे सरकवली. शाई ओली होती. मी घाईघाईत वही मिटली, तर समोरच्या पानावर सहीचा उलटा ठसा उमटला. म्हटलं चला, एका रांगेत दोन सह्या!

गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी. हिशेब चोख. रवींद्रनाथांची तऱ्हा वेगळी. चीन-जपानमध्ये लोक त्यांच्यापुढे पंखे नि रेशमी रुमाल धरायचे आणि ते त्यावर दोन-चार ओळी लिहून द्यायचे.

एका पौष मेळ्याच्या हिवाळी जत्रेला कलकत्त्याचा एक शाळकरी मुलगा आईचं बोट धरून रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात आला. वडील, बंगाली लेखक सुकुमार राय, १९२३ सालीच गेलेले. त्यांचा आणि रवींद्रनाथांचा फार स्नेह, त्यामुळे भेट सहज झाली. पोराची मागणी मात्र दांडगी होती. नव्याकोऱ्या वहीत त्याला नुसती सही नको होती, कविता हवी होती! रवींद्रनाथांनी वही ठेवून घेतली आणि उद्या सकाळी यायला सांगितलं.

सकाळी मायलेक पुन्हा हजर. टेबलावर पत्रं, वह्या, पुस्तकं यांचा हा ढीग. सत्तरीकडे झुकलेले, नोबेल मिळालेले कवी त्या ढिगाखाली ती छोटीशी जांभळी वही चाचपडू लागले. तीनेक मिनिटांनी सापडली. मुलाच्या हातात ती देऊन ते आईला म्हणाले, की याचा अर्थ त्याला जरा मोठा झाल्यावर कळेल.

आत आठ ओळी होत्या. पुष्कळ पैसा खर्चून, लांबलांब जाऊन डोंगर पाहिले, समुद्र पाहिले. पण घराबाहेर दोन पावलांवर, भाताच्या लोंबीवर थरथरणारा दवाचा थेंब तेवढा पाहायचा राहिला, अशा अर्थाच्या. आता मला सांगा, लहान पोराच्या वहीत ‘शहाणा हो, अभ्यास कर’ लिहून मोकळं होता आलं नसतं का?

तो मुलगा म्हणजे पुढचा सिनेदिग्दर्शक सत्यजित राय. १९४० साली तो शांतिनिकेतनातच चित्रकला शिकायला आला, तसा थोडा नाखुशीनंच. स्केचबुक घेऊन आसपासच्या खेड्यांतून हिंडू लागला. भाताची शेतं तिथून दोन पावलांवरच होती.