शंका आली म्हणजे विश्वास गेला का?

"माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका."

एका आजारी मुलाचा बाप येशूला हे म्हणतो. एकाच दमात "आहे" म्हणतो, आणि लगेच "नाही" म्हणतो. पण ही प्रार्थना बायबलातल्या शुभवर्तमानात आहे, मार्कच्या 9व्या अध्यायात, आणि ती ऐकली गेली.

सलाम मंडळी. आज मला अशा लोकांशी बोलायचंय जे उपासनेला जातात, गीताला सगळ्यांबरोबर उभे राहतात, ओठही हलवतात, पण आत काहीच हलत नाही. कुणी विचारलं तर "प्रभूची कृपा" म्हणून मोकळे होतात. मी स्वतः जवळजवळ दीड वर्ष असा होतो. त्या काळात मला एकच सल्ला सारखा मिळायचा: विश्वास वाढवा. अहो, वाढवा म्हणजे नेमकं काय करू? तो काय रेडिओचा आवाज आहे, बटण फिरवलं की वाढला?

तर त्या बापाकडे परत येऊ. त्याचा मुलगा लहानपणापासून आजारी आहे, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. बाप त्याला घेऊन आधी येशूच्या शिष्यांकडे गेला होता, हे आपण पटकन विसरतो. त्यांना काही जमलं नाही. येशू तिथे पोचतो तेव्हा शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, आणि शिष्य वाद घालत बसलेत आणि मुलगा आहे तसाच आहे. म्हणजे या माणसाची पहिली निराशा देवाने केलेली नाही, देवाच्या माणसांनी केली आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू होते.

म्हणून तो येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. त्या "असेल तर" मध्ये कितीतरी वर्षांचा थकवा आहे. येशू त्याला त्या शब्दावर टोकतो, हेही खरं. पण मग बाप रडकुंडीला येऊन ते अर्धंमुर्धं वाक्य बोलतो, आणि येशू असं म्हणत नाही की जा, अविश्वास संपला की ये. मुलगा त्याच दिवशी बरा होतो.

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. शंका किती मोठी, याला मी फार महत्त्व देत नाही. तुम्ही ती कुणाकडे तोंड करून बोलता, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्या बापाने आपला अविश्वाससुद्धा येशूलाच सांगितला.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 काढून बघा. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, "तरी मी तुझी स्तुती करीन" असं काहीतरी. यात येत नाही. मूळ हिब्रूत या स्तोत्राचा शेवटचा शब्दच "अंधार" असा आहे. तक्रार अगदी थेट आहे: तू मला खड्ड्यात टाकलंस, तू माझे मित्र दूर केलेस, तू तोंड का लपवतोस? प्रत्येक ठिकाणी "तू". स्तोत्रकर्ता देवाविषयी बोलत नाही, देवाशी भांडतो. आणि हे भांडण मंदिराच्या गीतसंग्रहात गेलं! लोक ते एकत्र गायचे.

मदर तेरेसांचं असंच काहीसं झालं. 1997 साली त्या वारल्या, आणि 2007 साली त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपाने बाहेर आली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आत देवाची जवळीक जाणवतच नव्हती. काहींनी लगेच ढोंगाचा शिक्का मारला. मला ते पटत नाही. त्यातलं काही लिखाण थेट येशूलाच उद्देशून आहे. जो नाहीच अशी खात्री झाली, त्याला कोण पत्र लिहितं?

बरं, पण सगळीच निराशा शंकेतून येत नाही. जुन्या करारातला संदेष्टा एलीया आठवा. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस. लगेच पुढच्या अध्यायात, 1 राजे 19 मध्ये, ईजबेल राणीची धमकी येते आणि तो पळतो. आपल्या चाकराला बैर-शेबा गावात सोडतो, एकटाच रानात जातो, एका झुडपाखाली बसून म्हणतो: पुरे झालं, आता माझा प्राण घे.

देवदूत येतो. प्रवचन देत नाही. "ऊठ, खा" म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी रागावत नाही. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न येतो तो 40 दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. मला हा क्रम फार आवडतो. महिनोन्‌महिने झोप नसेल, घरात आजारपण काढलं असेल, कुणाला नुकतंच पुरलं असेल, तर "माझा देवावर विश्वास आहे का" हा प्रश्न त्या अवस्थेत निकालात काढू नका. आधी झोपा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा. औषध घेतल्याने विश्वास उणा पडत नाही. एलीयालाही आधी भाकरच मिळाली.

तिथे होरेबवर तो म्हणतो, मी एकटाच उरलोय. देव सांगतो, इस्राएलात बआलापुढे न वाकलेले 7000 आहेत. (चाकराला वाटेत आपणच सोडून आलोय, हे एलीयाला तेव्हा आठवलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.)

एकटेपणावरून आठवला येशूचा शिष्य थोमा. बिचारा "शंकेखोर" म्हणून कायमचा बदनाम झाला. योहान 11 मध्ये हाच थोमा म्हणाला होता, चला, आपणही येशूबरोबर मरायला जाऊ. ज्याने एवढं पणाला लावलं, त्याला येशू मेलेल्यांतून उठल्याच्या ऐकीव बातमीवर उठून नाचता आलं नाही, यात नवल काय? पण योहान 20 नीट वाचा. उठलेला येशू शिष्यांना पहिल्यांदा भेटला, तेव्हा थोमा नव्हता. येशू पुन्हा आला तो आठ दिवसांनी, आणि तेव्हा थोमा त्याच खोलीत होता. म्हणजे इतर सगळे "आम्ही प्रभूला पाहिलं" म्हणून आनंदात असताना, हा आपल्या "मी मानणार नाही" सकट त्यांच्यातच राहिला. त्याने त्यांना सोडलं नाही, त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. पाळक आणि वडीलमंडळी ऐकत असाल तर हे तुमच्यासाठीही आहे. तुमच्या मंडळीत आठ दिवस न मानता बसायला जागा आहे का?

आणि ज्यांची शंका खरोखर डोक्यातली आहे, दुःखाचा प्रश्न, पुनरुत्थानाचा पुरावा, शास्त्रातले अवघड भाग, त्यांनी वाचावं, विचारावं, जाणत्या माणसाशी वाद घालावा. त्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, इथे घाईत उरकत नाही.

तोवर एवढंच करा. आज रात्री दार लावून स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. 18 वचनं आहेत, दोनतीन मिनिटं लागतील. स्वतःचे शब्द घालायची गरज नाही, भाव आणायचीही नाही. शेवटी "आमेन" म्हणावंसं वाटलं नाही, तर म्हणू नका. त्या स्तोत्रातही ते नाहीये.