फाईल कुणी उघडली?

नमस्कार श्रोतेहो.

रुग्णालयं आणि रुग्ण यांच्यातली भांडणं लढणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. (तपशील बदलून सांगते आहे, नाहीतर गोपनीयतेवर बोलता बोलता मीच ती मोडायची.) त्यांनी विचारलं, "माझा रिपोर्ट माझ्या हातात पडायच्या आधी शेजारणीला कसा कळला?"

असं कुणी विचारलं की मी लगेच कलमं काढत नाही. आधी रुग्णालयाला पत्र लिहिते, की ही फाईल कुणी, कधी उघडली, याची यादी द्या. पुष्कळदा उत्तर येतं, "ते कसं सांगता येणार?" तिथेच रुग्णाची बाजू अर्धी लंगडी होते. पाहिलं कुणी, हे त्यानं सिद्ध करायचं, आणि पुरावा तर समोरच्याच्या कपाटात!

याच मुद्द्यावरचा एक निकाल मी हाताखालच्या वकिलांना आवर्जून वाचायला लावते. फिनलंडमधली एक परिचारिका १९८९ पासून सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करत होती. तिला एचआयव्हीची लागण झाली होती आणि उपचारही त्याच रुग्णालयात चालू होते. १९९२च्या सुमारास तिला संशय आला, की सहकाऱ्यांना हे कळलंय. त्या काळी तिथल्या कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या नोंदी सहज उघडता येत. पुढे तिची नोकरीची मुदत वाढवली गेली नाही. माझी फाईल कुणी पाहिली, असं तिनं विचारलं, तेव्हा कळलं की संगणकात फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद राहते, तीही विभागाची, माणसाची नाही. फाईल दप्तरखान्यात परत गेली की तेवढीही पुसली जाते. देशातल्या न्यायालयांत ती हरली. सिद्ध कशानं करणार? अखेर २००८ साली स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला. नुकसानभरपाई मागायची मुभा आहे, एवढ्यानं भागत नाही; नोंदी मुळातच सुरक्षित ठेवणं हे शासनाचं काम होतं, असं न्यायालय म्हणालं.

मला या निकालातली साधी गोष्ट आवडते. त्यात कुणी हॅकर नाही. आपण चोर बाहेरून येणार असं धरून कुलपं लावतो, आणि फाईल उघडणारा बहुधा आतलाच असतो. वाईट माणूसही नसतो तो. ओळखीचं नाव दिसलं, काय झालंय बघू तरी, इतकंच.

मग सगळ्याला कडक कुलूप लावावं का? डॉक्टर मंडळी यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मध्यरात्री बेशुद्ध रुग्ण आला आणि त्याला कशाची ॲलर्जी आहे हे पडद्यावर दिसेना, तर ती गोपनीयता काय कामाची? म्हणून अनेक प्रणालींत आगीच्या घंटेची काच फोडावी तशी सोय असते. अडचणीत डॉक्टर फाईल उघडू शकतो, पण कारण लिहून, आणि नंतर त्याला कुणीतरी विचारतं. हे विचारणारं माणूस नेमलेलं नसेल, तर ती काच रोजच फुटते.

इथे रुग्णालयाच्या प्रमुखांचा प्रश्न येतो. माहिती फुटली की पहिला फोन वकिलाला येतो, आणि सूर ठरलेला: "मॅडम, किती सांगावं लागेल?" खरं सांगते, सुरुवातीच्या वर्षांत मीही "सध्या काही बोलू नका" असा सल्ला दिलेला आहे. कायद्यात बसत होता. पण रुग्णाला ते तिसऱ्याकडून कळलं आणि तिचा राग फुटलेल्या माहितीपेक्षा आमच्या गप्प बसण्यावर जास्त होता. युरोपात २०१८ पासून नियमच आहे, की फुटलेल्या माहितीमुळे माणसांना धोका संभवत असेल, तर ७२ तासांत नियामकाला कळवायचं. त्या तीन दिवसांत मूग गिळून बसायला फारशी जागा उरत नाही, हे चांगलंच.

आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा १४ मे २०२१ला खंडणीखोर सॉफ्टवेअरनं, म्हणजे फाईली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ठप्प झाली. सरकारनं खंडणी दिली नाही. कर्मचारी कागद-पेनावर आले, तपासण्या आणि भेटी रद्द झाल्या, पूर्ववत व्हायला महिने लागले. मला मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. बाहेरच्यांकडून चौकशी करून घेतली आणि अहवाल त्याच डिसेंबरात जगासमोर ठेवला. मार्चमध्ये कुणीतरी ईमेलमधली फाईल उघडली, धोक्याच्या खुणा दिसल्या, आणि वेळेत हालचाल झाली नाही, हे सगळं त्यात आहे. असा अहवाल छापायला छाती लागते. माझे काही पक्षकार तो कपाटात ठेवून किल्ली हरवतील.

सावरण्याची तयारी म्हणतात ती मी एकदा जवळून पाहिली. एका रुग्णालयानं सराव म्हणून दिवसभर संगणक बंद ठेवले. छापील केसपेपर कुठे आहेत, हे फक्त दप्तरखान्यातल्या निवृत्तीला आलेल्या कारकुनाला ठाऊक होतं. त्या दिवशी मोठे मोठे डॉक्टर त्यांच्या मागे मागे फिरत होते.

आणि त्या बाई? त्यांच्या रुग्णालयाकडे नशिबानं यादी होती. नावं वाचता वाचता त्या एका नावावर थांबल्या. "ही तर मला रोज जिन्यात भेटते," म्हणाल्या. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि दावा लावायचा की नाही ते आठवड्यानं सांगते म्हणून उठल्या.

नमस्कार.